बाळ २३ दिवसांचं आहे, दूध पुरत नाही म्हणतायत सगळे, डब्याचं (पावडरचं) दूध पूर्ण सुरू करू का?

मृदू_नाशिक

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय आणि लांबलचक होणारे, सांभाळून घ्या. रात्रीचे अडीच वाजलेत, मुलगी मांडीवर झोपलीय, एका हाताने टाईप करतेय.

ऐनवेळी बाळाचे ठोके कमी झाले म्हणून सिझर झालं. मी भूल उतरेपर्यंत आत होते, तोवर बाळाला पावडरचं दूध दिलं गेलं होतं, मला कोणी विचारलं नाही, माझ्या जवळ ती पाच तासांनी आली. चीक मिळाला तिला पण थोडाच, दूध तिसऱ्या दिवशी रात्री उतरलं. जन्माचं वजन २.९ होतं, घरी सोडताना २.६८, चौदाव्या दिवशी २.८. डॉक्टर म्हणाले पाजत रहा, वाढेल. गर्दी होती, फार बोलता आलं नाही.

आता रोजचं काय होतं सांगते. दिवसा ठीक असते, पण संध्याकाळी सहा ते रात्री अकरा ती अंगावरून सुटतच नाही, काढली की रडते, परत घेतली की पाच मिनिटं पिते, परत रडते. पहिल्या आठवड्यात छाती दगडासारखी व्हायची, आता एकदम मऊ लागते, म्हणजे आटलंच ना? पंप आणला, वीस मिनिटांत दोन्हीकडचं मिळून फक्त २० मिली आलं. मग नवव्या दिवसापासून संध्याकाळी एकदा आणि रात्री एकदा ६० मिली डब्याचं बाटलीने देतोय. ते पिऊन ती तीन तास गाढ झोपते आणि मी शेजारी बसून रडते.

आई (मी माहेरी आहे) रोज अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, सगळं करते, तिचा जीव तुटतो पण "माझ्या वेळी धार लागायची गं" हे वाक्य दिवसातून दोनदा येतंच. सासूबाई जळगावहून फोनवर सांगतात की लेकराला उपाशी ठेवू नको, आमची सगळी वरच्या दुधावरच वाढलीत. नवरा म्हणतो तू म्हणशील तसं. मला काहीच म्हणता येत नाहीये म्हणून तर विचारतेय.

डबा बंद करून फक्त अंगावर पाजून बघू, की हे सगळं सोडून पूर्ण डब्यावर आणू? आईचं दूध अमृत असतं हे प्लीज सांगू नका, ते मला पाठ आहे आणि तेच ऐकून जास्त रडू येतं.

अनयची_आई (कोल्हापूर)

मृदू, आधी पाणी पी. खरंच सांगते, पाजताना शेजारी तांब्या ठेवत जा.

तू लिहिलंयस ते संध्याकाळचं सहा ते अकरा, ते वाचून मला माझा तिसरा-चौथा आठवडाच दिसला. याला क्लस्टर फीडिंग म्हणतात हे मला दुसऱ्या बाळंतपणात कळलं, पहिल्या वेळी मी ते 'दूध संपलं' असंच धरलं आणि दीड महिन्यात पूर्ण डब्यावर गेले. बाळं संध्याकाळी अशीच चिकटतात, थोडं थोडं सारखं पितात, त्यातून पुढचं दूध वाढतं. छाती मऊ पडली म्हणजे आटलं असंही नाही गं, दोनतीन आठवड्यांनी शरीराला अंदाज येतो की बाळाला किती लागतं, मग ती दगडासारखी दाटत नाही. आणि पंपावर तर अजिबात जाऊ नको, बाळ ओढतं तसं पंप ओढत नाही, मला दुसऱ्या वेळी पंपावर कधी ३० मिलीच्या वर आलं नाही आणि पोरगं सहा महिन्यांत साडेसात किलो झालं.

तू बाकी सगळं लिहिलंस पण शू किती करते ते लिहिलं नाहीस. आमच्या डॉक्टरांनी मला एकच काम दिलेलं, चोवीस तासांतले ओले लंगोट मोज, पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त हवेत आणि शू फिकी हवी, गडद पिवळी नको. तेवढं मोजून सांग आणि उद्या वजन करून घे, बाकी कोणाचं काही ऐकू नको तोवर.

डब्यावर आणायचं की नाही ते मी सांगणार नाही. माझी थोरली डब्यावर वाढली, आता नववीत आहे, कबड्डी खेळते. तिच्यात आणि धाकट्यात काय फरक आहे हे मला कोणी विचारलं तर मला दाखवता यायचं नाही. पण त्या वेळी मला कोणी नीट सांगितलं असतं तर मी अजून पंधरा दिवस थांबले असते, ही रुखरुख मात्र राहिली.

शुभदा_सिस्टर

मी बाळंतिणींच्या वॉर्डात १४ वर्षं काम केलंय, आता पाजण्याबद्दल आयांना शिकवते. मृदू, तुला तपासल्याशिवाय मी निकाल देणार नाही, पण जे दिसतंय ते स्पष्ट लिहिते.

सोडताना २.६८ म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास उतरलं, ते चालतं, दहा टक्क्यांच्या वर गेलं की आम्ही खडबडून जागे होतो. पण चौदाव्या दिवशी जन्माचं वजन परत यायला हवं असतं, ते १०० ग्रॅम मागे होतं. सिझरनंतर दूध उतरायला उशीर होतो, त्यात पहिले पाच तास ती तुझ्यापासून लांब, त्यामुळे मागेपुढे झालं असेल, पण "पाजत रहा" एवढं सांगून सोडून देण्यासारखं ते नव्हतं. त्याच दिवशी कोणीतरी तुझ्या शेजारी बसून एक पूर्ण पाजणं बघायला हवं होतं. तुझी चूक नाही ही. आपल्या देशात पहिल्या तासात अंगावर लागणारी बाळं निम्मीसुद्धा नव्हती, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो आकडा ४२ टक्क्यांच्या आत होता. आणि सहा महिन्यांच्या आतली फक्त आईच्या दुधावर असलेली ६४ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे तुझ्यासारख्या खूप जणी आहेत, बोलत नाहीत इतकंच.

आता पाजताना बघ. नुसतं बोंड तोंडात गेलं तर बाळ चघळत बसतं, दूध येत नाही आणि तुला दुखतं. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडू दे, मग तिला तुझ्याकडे ओढ, तू तिच्याकडे वाकू नको, पाठ जाईल. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतोय खालच्या बाजूला कमी, असं पाहिजे. टाके असताना मांडीवर आडवं घेण्यापेक्षा तिला काखेखालून घे, पाय मागे, डोकं तुझ्या तळहातावर, किंवा कुशीवर झोपून पाज. आणि ऐक. भराभर ओढणं, मग हळू, आणि मग गटक गटक गिळल्याचा आवाज. तो गिळण्याचा आवाज येत नसेल तर ती अर्धा तास लागली असली तरी पोटात काही नाही.

डबा एकदम बंद करू नको. असं बऱ्याच जणी करतात, कोणीतरी ठणकावून सांगतं आणि त्या रात्रीतून बंद करतात, आणि बाळाचं वजन घसरतं. आधी अंगावर दोन्हीकडे पाज, मग लागलं तर वरचं, आणि ते बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोच असलेली छोटी वाटी). तुझ्या आईकडे बोंडलं असेलच माळ्यावर, ते चांगलं उकळून घ्या. बाटलीत धार आपोआप येते, मग काही बाळांना छातीला मेहनत करायचा कंटाळा येतो. जेव्हा वरचं देशील तेव्हा दहा मिनिटं तरी पंप किंवा हाताने काढ, नाहीतर शरीराला कळणार कसं की ही पण भूक होती? रात्रीचं पाजणं सोडू नको, रात्री दूध तयार करणारं हार्मोन जास्त असतं. दर दोन-तीन दिवसांनी एकाच काट्यावर वजन, आणि वाढ दिवसाला २०-३० ग्रॅमच्या घरात आली की वरच्यातलं थोडं थोडं कमी करायचं. अळीव, शतावरी खायला हरकत नाही, पण त्याने दूध वाढतं असं धरून बसू नकोस, दूध रिकामं होण्याने वाढतं.

एक गोष्ट तपासून घे, थायरॉइड. आणि पीसीओडी (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) होता का, छातीवर कधी ऑपरेशन झालंय का, हे डॉक्टरांना सांग. काही जणींना खरोखर कमी येतं, जिद्दीचा संबंध नसतो. बाळाची जीभ खालून बांधलेली आहे का तेही बघायला सांग.

आणि हे सगळ्यांसाठीच, बाळ पाजायलासुद्धा उठत नाही इतकं सुस्त, शू कमी, तोंड कोरडं, पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत, किंवा ताप, यातलं काही दिसलं तर इथे विचारत बसू नका, सरळ दवाखाना.

स्वराची_मम्मा_डोंबिवली

सिस्टरनी ऑपरेशनचं लिहिलं म्हणून लिहितेय, नाहीतर वाचून गप्प बसणार होते.

माझ्या लग्नाआधी छातीतल्या दोन्ही बाजूच्या गाठी काढलेल्या. मला कोणी सांगितलंच नव्हतं की त्याने पुढे फरक पडू शकतो. बाळ झाल्यावर बारा दिवस मी पाजलं, मग पंप, मग वरचं, मग परत पंप, दिवसाचे आठ वेळा असं चक्र, झोप एकूण तीन तास. एकदाही एका वेळेला १५ मिलीच्या वर गेलं नाही. एका रात्री मी गॅलरीत उभी राहून खाली बघत होते आणि मला स्वतःचीच भीती वाटली, तेव्हा नवऱ्याला उठवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी स्वतः सांगितलं की डबा दे आणि झोप, आणि मला वेगळं औषधही दिलं त्या मनःस्थितीसाठी. मृदू, तू बाळाशेजारी बसून रडतेस लिहिलंयस म्हणून सांगते, बाळंतपणानंतर दोन आठवड्यांच्या पुढेही रोज रडू येत असेल, झोप आली तरी लागत नसेल, तर ते पण डॉक्टरांना सांगायचं असतं. लाजू नको.

आता डब्याचं, कारण ते कोणी नीट सांगत नाही, सगळे कुजबुजतात. डब्यातला चमचा सपाट भरायचा, दाबून नाही, शीग नाही. आमच्या डब्यावर ३० मिली पाण्याला एक चमचा होता, तुझ्या डब्यावर जे आहे तेच वाच. आधी पाणी मग पावडर. पाणी खळखळून उकळलेलं, आणि फार गार होऊ न देता, ७० अंशाच्या खाली जायच्या आत पावडर घालायची, म्हणजे पावडरमध्ये काही जंतू असतील ते मरतात, मग भांडं गार पाण्यात धरून कोमट करायचं आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं. केलेलं दूध दोन तासांत संपवायचं, आणि बाळाने तोंड लावलेलं उरलं तर तासाभराने टाकून द्यायचं, कितीही जीवावर आलं तरी.

जीवावर येतं हे मला माहितीये, चारशे ग्रॅमचा डबा चार-पाच दिवसांत संपायचा आमचा. माझ्या शेजारची बाई पैशापायी एक चमचा कमी घालायची, बाळ दिसायला प्यायचं तेवढंच, पण वजन हललंच नाही दीड महिना. पातळ करू नका गं कोणी. आणि सासूबाई 'वरचं दूध' म्हणतात तेव्हा विचारून घे गायीचं म्हणतायत का, ते वर्षाच्या आत द्यायचं नसतं, त्यात लोह अगदी कमी आणि बाळाच्या किडनीला ते जड.

माझी स्वरा आता चार वर्षांची आहे. आजही कोणी बागेत विचारलं की अंगावर पाजलंस ना, तर माझ्या पोटात गोळा येतो. तो अजून गेला नाहीये.

रेखा_इचलकरंजी

मी कपड्याच्या दुकानात आहे, बाळंतपणाची सव्वीस आठवडे रजा वगैरे आमच्याकडे काही नाही. मालक चांगले आहेत पण दोन महिन्यांनी या म्हणाले, मग मी गेले. सकाळी पाजून जायचे, दुपारी घरी येणं जमायचं नाही, संध्याकाळी सात वाजता येऊन पाजायचे, रात्रभर अंगावरच. मधे दोन वेळा सासूबाई पावडरचं द्यायच्या. दुकानात फ्रीज नव्हता म्हणून काढून ठेवायचा प्रश्नच नाही, छाती भरली की मागच्या खोलीत जाऊन हाताने कपात काढून ओतून द्यायचे, ते ओतताना फार वाईट वाटायचं. नंतर एका नर्सबाईंनी सांगितलं की बाहेर चार तास राहतं, तेव्हा मी घरातून निघायच्या आधीचं काढून वाटीत झाकून ठेवायला लागले, ते एक वेळचं तरी तिला मिळायचं.

असं अर्धं अर्धं दीड वर्ष चाललं. मला वाटायचं एकतर हे नाहीतर ते असंच असतं, पण तसं नसतं. तुझ्याकडं रजा किती आहे? २०१७ पासून पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे पगारी असते दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे, आणि ५० किंवा जास्त माणसं असली तर पाळणाघर पण ठेवायला लागतं, दिवसातून चार वेळा जाऊन बाळाला बघता येतं. असेल तर हक्कानं माग बाई, आमच्यासारख्यांना मिळत नाही म्हणून जास्त सांगते.

मृदू_नाशिक

सगळ्यांचं तीन-तीनदा वाचलं. स्वराच्या मम्मा, तुमचं वाचून मी नवऱ्याला उठवलं आणि त्यालाही वाचायला दिलं.

काल ओले लंगोट मोजले, नऊ झाले. म्हणजे मी रोज इतके धुतेय (आई धुतेय) आणि माझं लक्षच नव्हतं.

आज वजन केलं, ३.०५!! चौदाव्या दिवसापासून दहा दिवसांत २५० ग्रॅम. आई तिथेच रडायला लागली. पण त्यात वरच्याचाही वाटा आहे ना सिस्टर? रजा २६ आठवडे आहे, जूनमध्ये जॉइन व्हायचंय.

शुभदा_सिस्टर

आहे की, वाटा आहेच. १२० मिली रोज वरचं जातंय, ते मोजायलाच हवं. पण पूर्ण दिवसात तिला साधारण साडेचारशे मिलीच्या आसपास लागत असणार, म्हणजे बाकीचं सगळं तू देतेयस. 'दूध नाही' असं म्हणणाऱ्यांना हा हिशोब सांग.

आता पुढचा आठवडा संध्याकाळचं ६० चं ४० कर, रात्रीचं आहे तसं राहू दे म्हणजे तुला एक झोप मिळेल. तीन दिवसांनी वजन. वाढ टिकली तर अजून कमी, घसरली तर परत ६०, त्यात हार मानण्यासारखं काही नाही. व्हिटॅमिन डी चे थेंब रोज ४०० युनिट, ते अंगावरच्या बाळालाही लागतात. पाणी, गुटी, मध काही नको, मध तर वर्षभर अजिबात नाही.

जूनच्या आधी तीन आठवडे सकाळचं पहिलं पाजून झालं की थोडं काढून ठेवायला लाग. फ्रीजमध्ये एक दिवस, डीप फ्रीझरमध्ये तीन महिने.

निनादचा_बाबा

पुरुष आहे, लिहू का नको विचार करत होतो. मृदूताईंच्या नवऱ्यासाठी लिहितोय. 'तू म्हणशील तसं' मी पण म्हणायचो, मला वाटायचं मी पाठिंबा देतोय. बायकोने नंतर सांगितलं की त्या वाक्याने सगळं ओझं तिच्याच डोक्यावर यायचं. मग मी दोन कामं घेतली. एक, माझ्या आईचे फोन मी उचलायचे, दुधाचा विषय निघाला की मीच सांगायचं डॉक्टरांनी काय सांगितलंय ते. दोन, रात्री अकराचं वरचं दूध मी द्यायचं, ढेकर काढून झोपवेपर्यंत, आणि बायको नऊ ते एक दुसऱ्या खोलीत. ते चार तास मिळाल्यावर ती माणसात आली.

आमचं बाळ आठ महिन्यांआधी आलेलं, दीड किलोचं. पहिले पाच दिवस दान केलेलं दूध मिळालं मिल्क बँकेतून, नळीने. मला तोवर माहितीच नव्हतं असं काही असतं, आशियातली पहिली अशी बँक आपल्या सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. कोणत्या तरी अनोळखी बाईचं दूध पिऊन माझा मुलगा जगला. ज्यांना जास्त येतं त्यांनी जवळच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये विचारा, घेतात.

मृदू_नाशिक

दादा, नवऱ्याने वाचलं. काही बोलला नाही, पण आज सासूबाईंचा फोन त्यानेच घेतला, बाहेर जाऊन बोलला वीस मिनिटं.

आईने माळ्यावरून बोंडलं काढलं, चांदीचं आहे, मी पण त्यातूनच प्यायलेय म्हणे. मी विचारलं, तुला तर धार लागायची ना मग बोंडलं कशाला? तर म्हणाली अगं पहिला महिना नव्हतं मला पण, तुझी आजी गायीचं दूध पाणी घालून द्यायची, मी विसरलेच होते. मग आम्ही दोघी बराच वेळ बसलो तशाच.

काखेखालून घेऊन बघितलं सिस्टर, गटक गटक आवाज येतो. शनिवारी वजन करून सांगते.